बोटभर सेन्सर, हातभर अडचण

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भाचीचे दिवस भरत आले होते. रक्त कमी आहे, अकोल्याला घेऊन जा, असे वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितले. धाकट्या भावाची गाडी दारातच उभी होती. पुढच्या सीटखाली इंजिन असलेली, २०१८ सालची पेट्रोल गाडी. त्याने ती जुनीच घेतलेली. लग्नाचे वऱ्हाड, बाजाराचे भाडे, रात्री-अपरात्रीचा पेशंट, मिळेल ते काम करून तो फायनान्सचा हप्ता भरतो आणि घर चालवतो.

मालेगाव गेले, मेडशी मागे पडली आणि पातूरचा घाट यायच्या आधी गाडीने एकाएकी मान टाकली. आचका नाही, धूर नाही. वाऱ्याने दिवा विझावा तसे इंजिन विझले. भावाने सेल्फ मारला. सेल्फ चांगला फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. वर मे महिन्याचे ऊन आणि मागच्या सीटवर कण्हणारी पोर. रस्त्याने जाणाऱ्या दोन गाड्यांना हात दाखवला, दोन्ही भरलेल्या. लिंबाच्या झाडाखाली पंचवीस मिनिटे अशीच गेली. मग कोणीही हात न लावता, भावाने सहज चावी फिरवली तर गाडी लगेच सुरू झाली! अकोल्याला पोचलो. रात्री उशिरा भाचीला मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत.

परंतु ती पंचवीस मिनिटे आमच्या घरातले कोणीच विसरले नाही. परतल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, इकून टाकतो हे गाडी. उद्या एखांदा पेशंट माह्या गाडीत दगावला तर तोंड कोठी दाखवू?"

गाडी विकावी लागली नाही. दोष निघाला एका बोटभर लांबीच्या वस्तूत, आणि ती वस्तू आमच्याच अंगणात बदलली गेली. बदलणारे हात माझ्या मुलीचे. ज्यांच्या घरी अशी एखादी पोटापाण्याची गाडी आहे, त्यांच्यासाठी ही हकिगत लिहीत आहे.

अंदाजपंचे दुरुस्ती

मी एस.टी.च्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून उभे आयुष्य काढले. आमच्या वेळच्या डिझेल इंजिनाला सेन्सर नावाची भानगडच नव्हती. डिझेल येते का, हवा धरली का, कॉम्प्रेशन आहे का, एवढे पाहिले की रोग सापडायचा. त्यामुळे भावाच्या गाडीपुढे माझी विद्या तोकडी पडली.

पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितले, पेट्रोलचा पंप गरम होऊन बसतो. पंप बदलला, प्लग बदलले. ७४०० रुपये गेले. चौथ्या दिवशी रिसोडच्या रस्त्यावर गाडी पुन्हा बंद पडली. दुसऱ्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. त्यावर 'पी ०३३५' असा कोड आला. हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. त्याने सेन्सर मीटरने तपासला, तर सेन्सर चांगला निघाला. मग तो म्हणाला, गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, गेला असेल. नवा बसवायचा तर २२ हजार लागतील.

मी स्वतः जाऊन मीटर लावला. मलाही सेन्सर चांगलाच दिसला. म्हणजे चूक एकट्या गॅरेजवाल्याची नव्हती, ती माझीही होती. ती चूक कोणती, ते पुढे येईलच.

माझी मुलगी आयटीआयमध्ये 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड शिकते आहे. सुट्टीत घरी आली होती. दोन दिवस तिने नुसते ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुमी बी अन् त्या दादानं बी गार गाडी तपासली. ताप उतरल्यावर नाडी पाहून काय सापडन? गाडी बंद पडल्याबरोबर पाहा लागते."

माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाला पोरीने एका वाक्यात जागेवर आणले. थोडा राग आला, हे कबूल करतो. पण ती खरे बोलत होती.

हा सेन्सर करतो तरी काय?

इंजिनाचा जो मुख्य दांडा फिरतो त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. पिस्टन वर आहे की खाली, ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल कधी फवारायचे, हे सगळे त्या दांड्याच्या स्थितीवर ठरते. जुन्या गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर करीत. नव्या गाडीत ते काम ईसीएम करतो. पण ईसीएमला डोळे नाहीत. क्रँक सेन्सर हा त्याचा डोळा.

दांड्याबरोबर फिरणारे एक दातेरी चाक असते. त्याच्यापासून साधारण एक मिलिमीटर अंतरावर सेन्सरचे टोक असते. पुष्कळ इंजिनांत या चाकावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम काढून टाकलेले असतात. ५८ दाते समोरून जातात, मग एक मोकळी जागा येते. त्या मोकळ्या जागेवरून ईसीएमला समजते की एक फेरा पुरा झाला. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात, म्हणजे हा सेन्सर एका सेकंदात २९०० दाते मोजतो! तो मोजणे थांबला की ईसीएम आंधळा होतो. ठिणगीही बंद, पेट्रोलही बंद. काही गाड्या दुसऱ्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या सेन्सरवर कशाबशा चालतात. पुष्कळ गाड्या मात्र जागच्या जागी थांबतात.

सेन्सर दोन जातींचे असतात. एका जातीत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असते. दाता जवळून गेला की गुंडाळीत वीज उत्पन्न होते. चुंबकातून वीज मिळते हा शोध १८३१ साली मायकेल फॅराडे यांनी इंग्लंडमध्ये लावला. मुलीने मला त्यांची माहिती सांगितली. फॅराडे हे लोहाराचे पुत्र. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागले. जी पुस्तके बांधायला येत तीच ते वाचून काढीत. १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साधे मदतनीस म्हणून गेले आणि तिथेच जगातले थोर शास्त्रज्ञ झाले. दुसऱ्याची पुस्तके शिवता शिवता शिकलेल्या या कारागिराचा शोध आज आपल्या दारातल्या गाडीत फिरतो आहे.

दुसरी जात 'हॉल' सेन्सरची. तिचे तत्त्व एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधले. त्या सेन्सरला बहुधा तीन तारा असतात आणि आतमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग असतो. त्याच्यासाठी नुसता ओहम मीटर उपयोगाचा नाही. चावी चालू करून त्याला वीज पोचते का आणि त्याच्याकडून इशारा येतो का, ते पाहावे लागते. आमच्या गाडीत पहिल्या जातीचा, दोन तारांचा सेन्सर होता.

आता रोग लक्षात येईल. गुंडाळीची तार आत कुठेतरी तुटायला आली असेल, तर गार असताना तिची टोके एकमेकांना टेकलेली राहतात. इंजिन तापले की सगळे प्रसरण पावते, टोके सुटतात आणि वीज तुटते. थंड झाले की टोके पुन्हा टेकतात. म्हणून गाडी आपोआप बंद आणि आपोआप सुरू. गार सेन्सर मीटरवर 'चांगला' दिसतो, तो याच कारणाने.

आणखी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. 'पी ०३३५' हा कोड सेन्सर खराब आहे असे म्हणत नाही. त्या सर्किटमध्ये कुठेतरी दोष आहे, एवढेच तो सांगतो. दोष सेन्सरमध्ये असेल, कपलरमध्ये असेल, उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये असेल किंवा ईसीएममध्ये. कोड आपल्याला गल्लीपर्यंत नेऊन सोडतो. घर आपणच शोधायचे.

अंगणातली परीक्षा

रविवारी दुपारी गाडी मोकळ्या अंगणात उभी केली. बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही आणि माणसाचा जीव घेतो. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला, चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. सेन्सर खाली अवघड जागी असला तरी त्याची वीतभर तार वर येऊन सीटखाली कपलरमध्ये जोडलेली होती. तिथपर्यंत हात जात होता.

इंजिन सुरू करण्याआधी मुलीने कपलर काढून सेन्सरच्या दोन टोकांना मीटर लावला. ५६० ओहम. तो आकडा तिने वहीत लिहिला. कपलर जोडून इंजिन चालू केले. उभ्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे सीटखाली उष्णता साठत गेली. पन्नास मिनिटांनी इंजिन विझले. भाऊ ओरडला, "झालं पाहा तेच!" मुलीने त्याला सेल्फ मारायला सांगितले आणि मोबाईलला जोडलेल्या छोट्या स्कॅनरवर नजर ठेवली. सेल्फ फिरत होता, पण स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्य. म्हणजे ईसीएमला काहीच दिसत नव्हते. लगेच चावी बंद करून, गरम भागाला हात न लावता तिने कपलर काढला आणि मीटर लावला.

मीटरवर नुसता '१' उभा राहिला. डिजिटल मीटरवर डाव्या बाजूला एकटा '१' किंवा 'ओएल' दिसला तर समजावे की वाट तुटली आहे. सेन्सर चांगला असता तर गरम झाल्यावर आकडा थोडा वाढला असता, कारण तापलेल्या तांब्याचा विरोध वाढतो. पण तो नाहीसा झाला नसता. अर्ध्या तासाने पुन्हा मीटर लावला. ५९० ओहम. गाडी सुरू.

तेवढ्यावर ती थांबली नाही. सेन्सरच्या टोकापासून गाडीच्या लोखंडाकडे वीज जात नाही ना, हे पाहिले. बॅटरी सोडून, कपलरपासून ईसीएमपर्यंतच्या दोन्ही तारा तपासल्या, हलवून पाहिल्या. तारा शाबूत होत्या. मग म्हणाली, "ईसीएम नाही गेला, बाबा. सेन्सरच गेला." २२ हजारांचा खर्च ३५० रुपयांच्या मीटरने वाचवला.

सामान आणि तयारी

सोमवारी वाशिमच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन सेन्सर पुढे ठेवले. एक ३५० रुपयांचा, खोक्यावर ना नाव ना नंबर. दुसरा ११५० रुपयांचा, पार्ट नंबर छापलेला, पक्के बिल मिळणारा. भावाचा हात स्वस्ताकडे गेला. मुलीने सांगितले, "काका, हा बदलाले अर्धा दिवस लागते. दोनदा बदलाचा हाये काय?" जी वस्तू अवघड जागी बसते ती दोनदा बसवायची वेळ येऊ नये, हा साधा हिशेब. तिने नव्या सेन्सरची लांबी, कपलरचा आकार आणि बोल्टचे भोक जुन्याच्या फोटोशी ताडून पाहिले. दुकानातच मीटर लावला. आकडा जुन्याच्या जवळपास आला, मग पैसे दिले.

बाकी सामान असे: दहा नंबरची गोटी, रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, वाकणारा जॉइंट, गंज सोडवायचा स्प्रे, थोडे ग्रीस, लहान आरसा, बॅटरी, दोरा, आणि काठीच्या टोकाला बांधलेले लोहचुंबक.

सर्वांत महत्त्वाचे राहिले, ते म्हणजे गाडी उचलल्यावर खाली लावायचे लोखंडी स्टँड. ते जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणले. वाचकहो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. विटा, दगड, रिकामी रिम हा आधार नव्हे. वीट न सांगता फुटते. सपाट, कडक जमीन पाहावी, मागची चाके अडवावीत, दोन्ही बाजूंना स्टँड लावावेत, बाहेरून गाडी हलवून पाहावी आणि जवळ एक माणूस उभा ठेवूनच खाली जावे. स्टँड मिळत नसतील तर काम करू नये. गाडीचे नुकसान भरून निघते, माणसाचे नाही.

हात पोचत नाही तिथले काम

मंगळवारी सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर काम सुरू केले. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. मग मोबाईलने चारही बाजूंनी फोटो काढले. तार कुठून जाते, कोणत्या क्लिपमध्ये अडकते, हे काम झाल्यावर आठवत नाही. फोटो आठवण ठेवतो.

सेन्सरची जागा प्रत्येक गाडीत वेगळी. कुठे पुढच्या पुलीजवळ, कुठे मागे फ्लायव्हीलजवळ. आमचा सेन्सर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात त्या सांध्यापाशी होता, वर सायलेन्सरचा पाइप. वरून पाहिले तर दिसत नाही, खालून दिसतो पण हात वाकत नाही. मी मोठ्या ऐटीत खाली गेलो. कोपर अडले. दोनदा प्रयत्न केला, मनगट सोलून घेतले आणि बाहेर आलो. मुलगी खाली गेली. तिचा हात बारीक, तो बरोबर गेला. पुरुषाचे काम, बाईचे काम असे आपण म्हणतो. त्या दिवशी जिथे पुरुषाचा हात गेला नाही तिथे पोरीचा हात गेला.

जुन्या सेन्सरच्या कपलरला तिने आधी दोरा बांधला. सेन्सर खाली ओढताना दोरा त्याच वाटेने आत येतो आणि नव्या सेन्सरची तार त्याच दोऱ्याने वर ओढता येते. मग बोल्टवर स्प्रे मारून अर्धा तास थांबलो. घाई केली की बोल्टाचे डोके घासले जाते आणि अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांचे होते. भोकाभोवतीची माती ब्रशने काढली, कारण सेन्सर निघाल्यावर तीच माती आत पडते.

लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जॉइंट लावून बोल्ट सुटला. सेन्सर मात्र निघेना. रबरी ओ-रिंग आणि जुन्या तेलाने तो धरून ठेवला होता. मी पेचकस पुढे केला, म्हटले घाल खाली आणि उचल. ती म्हणाली, "नको बाबा, तुटन. टोक आत राह्यलं तर गिअरबॉक्स उतरवा लागन." तिने सेन्सरचे डोके धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवले. दहा मिनिटांनी तो सैल झाला आणि सरळ बाहेर आला. टोकावर लोखंडी कीस चिकटला होता. भोक स्वच्छ फडक्याने पुसले, आत आरशाने पाहून घेतले.

नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला तेलाचे बोट लावले. सेन्सर सरळ दाबून बसवला. हातोडी लावायची नाही. तो पूर्ण टेकला नाही आणि बोल्टने ओढून बसवला, तर त्याचा कान फुटतो. बोल्ट गोटीत ग्रीस लावून चिकटवला होता, तरी एकदा निसटला आणि गिअरबॉक्सच्या काठावर अडकला. काठीच्या टोकाचे लोहचुंबक तिथे कामी आले. बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवला, मग रॅचेटने थोडासाच आवळला. एवढ्याशा बोल्टावर ताकद दाखवायची नसते. दोऱ्याने तार वर ओढली, क्लिपमध्ये अडकवली, सायलेन्सरला टेकत नाही हे पाहिले. कपलरचे लॉक 'टक' वाजेपर्यंत दाबले.

हत्यारे मोजून घेतली, गाडी खाली उतरवली, बॅटरी जोडली. भावाने सेल्फ मारला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा इंजिन पकडले. स्कॅनरने जुना कोड पुसला. काही गाड्यांत नव्या सेन्सरची ओळख स्कॅनरने करून द्यावी लागते. आमच्या गाडीत तशी गरज पडली नाही. मग पुन्हा त्याच अंगणात, त्याच दुपारच्या उन्हात दीड तास इंजिन चालू ठेवले. ते विझले नाही.

भावाची खात्री अजून पटत नव्हती. तेव्हा मुलीने जुना सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारा बाहेर ठेवून, उकळत्या पाण्याच्या डब्यात धरला. सगळे घर भोवती जमले. मीटरवर आकडा चढत गेला, ६०० झाला, ६५० झाला आणि एकाएकी नुसता '१' उरला. पाण्यातून काढून गार झाला तसा आकडा परत आला. माझी बायको म्हणाली, "म्हंजे हाच मेला त्या दिवशी घाटात झोपला होता व्हय!" सगळे हसले. भाऊ मात्र हसला नाही. तो त्या सेन्सरकडे बराच वेळ पाहत राहिला.

घरी काय करावे, काय करू नये

प्रत्येक काम घरी करावे असे माझे म्हणणे नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीकडेच न्यावी. पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी तारांत जीवघेणी वीज असते. नव्या डिझेल गाड्यांच्या पंपापासून जाणाऱ्या पाइपांत प्रचंड दाब असतो, ते उघडू नयेत. सेन्सर तुटून आत राहिला, बोल्टाचे डोके गेले किंवा गिअरबॉक्स उतरवायची पाळी आली, तर सरळ कारागिराकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

पण कारण शोधण्याचे काम घरीही होते. गाडी केव्हा बंद पडते, गार की गरम? किती वेळाने पुन्हा सुरू होते? चावी फिरवल्यावर पेट्रोलच्या पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुण आवाज येतो का? सेल्फ मारताना, मीटर असेल तर, फेऱ्यांचा काटा हलतो का? चेक इंजिनचा दिवा लागतो का? एवढे वहीत लिहून गॅरेजमध्ये गेलात तर निम्मे काम झाले. गॅरेजवालाही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याच्याकडे गाडी येते तेव्हा ती गार झालेली असते. रोग अंगात असतानाची खूण फक्त चालवणाराच सांगू शकतो.

चालत्या गाडीचे इंजिन विझले तर घाबरू नये. स्टीअरिंग जड होते, ब्रेक कडक होतो. आधीची मदत एक-दोन दाबांपुरतीच शिल्लक असते. म्हणून ब्रेक वारंवार न पंप करता एकदाच ठाम दाबावा, गाडी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत. चावी काढून घेऊ नये, स्टीअरिंग कुलूपबंद होते.

सेन्सरच्या गाड्या आता टळणार नाहीत. जगात इलेक्ट्रॉनिक पेट्रोल फवाऱ्याची मोटार १९६७ साली बॉश कंपनीच्या तंत्रावर फोक्सवॅगनने आणली. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून बी.एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ हे धुराचे नियम सर्वत्र लागू झाले. धूर मोजूनमापून सोडायचा तर इंजिनाला डोळे हवेतच. हे नियम आपल्या लेकरांच्या छातीत कमी धूर जावा म्हणून आहेत. तेव्हा सेन्सरला शिव्या देण्यापेक्षा त्याची भाषा शिकून घेतलेली बरी.

देशात १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. त्यातूनच आजच्या आयटीआय चालतात. दहावी झालेल्या मुलाला आणि मुलीलाही मोटार मेकॅनिकचा ट्रेड खुला आहे. मुलीने हा ट्रेड घेतला तेव्हा नात्यातल्यांनी मला विचारले होते, पोरीला तेलात हात घालायला लावतोस काय? त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नव्हते.

आता भाऊ आठवड्यातून दोनदा पेशंट घेऊन अकोल्याला जातो. मेडशी ओलांडली की त्याचा हात अजूनही आपोआप गिअरवर घट्ट होतो, असे तो सांगतो. गाडी चालत राहते. त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक मीटर आहे आणि कागदात गुंडाळलेला तो जुना सेन्सर आहे. कोणी विचारले की काढून दाखवतो आणि म्हणतो, "आमच्या पोरीनं काढला."